टॉर्क, टकळी आणि पीळदार इंजिन

न्यू जर्सीतल्या एका वाचकांनी एकाच पत्रात चार प्रश्न विचारले आहेत. त्यांच्या मित्रमंडळात दोन तट पडलेत. एकाकडे होंडाची एस२००० ही स्पोर्ट्स कार, दुसऱ्याकडे साधारण त्याच काळातली फोर्ड मस्टँग जीटी. मस्टँगवाले म्हणतात, 'आमचा टॉर्क दुप्पट, म्हणजे ताकद दुप्पट.' तर टॉर्कला 'ताकद' म्हणावं का? नाही तर काय म्हणावं? 'हाय-रेव्हिंग'ला, म्हणजे फार वेगात फिरणाऱ्या इंजिनाला, मराठीत शब्द आहे का? आणि अमेरिकेत जपानी गाड्यांनाच 'इम्पोर्ट' का म्हणतात?

पहिल्याचं उत्तर: नाही, त्रिवार नाही. गाड्यांची मराठी परीक्षणं वाचताना माझं डोकं फिरतं ते याच वाक्यावर: 'हे इंजिन २०० न्यूटन-मीटरची ताकद जनरेट करतं.' शाळेत शिकलेलं जरा आठवावं. शक्ती म्हणजे कार्य भागिले काळ. टॉर्क म्हणजे एखादी वस्तू फिरवू पाहणारा जोर, त्यात काळ कुठेच येत नाही. गंजलेल्या नटाला पाना लावून तुम्ही सगळा भार टाकलात आणि नट तसूभरही हलला नाही, तरी टॉर्क आहेच. शक्ती मात्र शून्य.

तुमच्या मित्रांचे आकडे घ्या. एस२०००चं दोन लिटरचं इंजिन मिनिटाला ८३०० फेऱ्यांवर २४० अश्वशक्ती देतं. टॉर्क जेमतेम २०८ न्यूटन-मीटर, तोही ७५०० फेऱ्यांवर. १९९९च्या मस्टँग जीटीचं ४.६ लिटरचं व्ही-८ इंजिन ५२५० फेऱ्यांवर २६० अश्वशक्ती देतं आणि टॉर्क ४००० फेऱ्यांवरच सुमारे ४१०. टॉर्क खरोखर दुप्पट आहे, अश्वशक्ती मात्र आठेक टक्केच जास्त. त्यात मस्टँग दोनशेक किलोंनी जड. म्हणून पाव मैलाच्या शर्यतीत चालवणारा तयारीचा असेल, तर दोघींत फारसं अंतर पडत नाही. टॉर्क गिअरबॉक्समधून वाढवून घेता येतो, शक्ती येत नाही. होंडाच्या इंजिनियरांनी तेच केलं: इंजिन वेगात फिरवलं आणि चाकांपर्यंत पोहोचताना ते फेरे गिअरांनी जास्त प्रमाणात कमी केले.

मस्टँगवाल्यांचंही एक म्हणणं खरं आहे, ते डावलू नका. रोजच्या रस्त्यावर दोन-तीन हजार फेऱ्यांत पाय दाबला की लगेच जी ओढ लागते, ती टॉर्कची. होंडाला त्यासाठी सहा हजारांच्या आसपास व्हीटेक (चढ्या वेगात व्हॉल्व्ह जास्त उघडणारी होंडाची यंत्रणा) लागेपर्यंत थांबावं लागतं, नाहीतर गिअर खाली टाकावा लागतो. खुद्द होंडानेही २००४ साली अमेरिकेतल्या गाडीचं इंजिन २.२ लिटरचं केलं, ९०००च्या आसपासची फेऱ्यांची मर्यादा ८०००वर आणली, टॉर्क थोडा वाढवला आणि अश्वशक्ती २४०च ठेवली. त्यावरून होंडावाल्यांच्याच घरात जी भाऊबंदकी सुरू झाली, ती अजून मिटलेली नाही.

आता शब्द. पाठ्यपुस्तकातला 'परिबल' मला मान्य नाही. परि म्हणजे सभोवार, हे मलाही कळतं. पण बोलताना तो 'परीचं बळ' वाटतो, आणि 'निरूढी परिबल'सारख्या (इंग्रजीत 'मोमेंट ऑफ इनर्शिया') संज्ञांमध्ये तो आधीच अडकलेला आहे. हिंदीतला 'बलाघूर्ण' अर्थाने चोख, पण गॅरेजमध्ये उच्चारून दाखवा, मग बोलू.

मूळ शब्दाकडे जाऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. लॅटिनमध्ये 'तोर्क्वेरे' म्हणजे पिळणे. गॉल लोक (आजच्या फ्रान्सच्या भागातले प्राचीन रहिवासी) गळ्यात सोन्याचं पीळ घातलेलं जाड कडं घालत, ते 'तोर्क्वेस'. रोममधल्या 'मरणासन्न गॉल' या प्रसिद्ध पुतळ्याच्या गळ्यात ते आजही पाहता येतं. तितुस मानलिउस नावाच्या रोमन तरुणाने एका धिप्पाड गॉलला द्वंद्वात मारून त्याचं कडं स्वतःच्या गळ्यात घातलं आणि 'तोर्क्वातुस' हे बिरुद मिळवलं, अशी कथा आहे. यंत्रशास्त्रात 'टॉर्क' आला तो १८८४ साली. प्रसिद्ध भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड केल्व्हिन यांचे थोरले भाऊ जेम्स थॉमसन यांनी तो सुचवला असं म्हणतात.

'तोर्क्वेरे'च्या मुळाशी असलेला शब्दाचा धातू आपल्याकडे संस्कृत 'तर्कु'मध्येही आहे. तर्कु म्हणजे सूत कातायची चाती. प्राकृतात 'तक्कु', हिंदीत 'तकला', 'तकली', 'टेकुआ'. आणि मराठीत, माझं ठाम मत आहे, टकळी! गांधीयुगातल्या शाळांमध्ये सूतकताईच्या तासाला पोरांच्या हाती असायची तीच. म्हणजे टॉर्क आणि टकळी या चुलत बहिणी.

इथे दोन पक्षांशी माझं भांडण आहे. पहिला पक्ष म्हणतो, टकळी हा 'टकटक'वरून आलेला ध्वन्यनुकारी शब्द, म्हणूनच 'तोंडाची टकळी'. या लोकांनी टकळी फिरताना कधी पाहिली आहे का? ती आवाजच करत नाही! जीभ थांबता थांबत नाही म्हणून तिला टकळी म्हटलं, आवाजामुळे नव्हे. आरंभीचा 'त' मराठीत 'ट' कसा झाला, असं विचाराल तर हिंदीतल्या टेकुआकडे पाहा, तिथेही तेच झालंय. मराठीने तो शब्द थेट प्राकृतातून घेतला की हिंदीतून उचलला, यावर हवं तर वाद घाला. मूळ त्याने बदलत नाही.

दुसरा पक्ष भारदस्त आहे: साक्षात प्राचीन व्युत्पत्तिकार यास्काचार्य. वैदिक शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या त्यांच्या निरुक्ताच्या दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी त्यांनी स्तोक, रज्जु, सिकता यांच्याबरोबर 'तर्कु'ही आद्यंतविपर्ययाचं उदाहरण म्हणून दिला आहे. म्हणजे कातणे या अर्थाच्या 'कृत्' धातूतली अक्षरं उलटली आणि तर्कु झाला. आपलं 'कातणे' त्याच कृत्-मधून आलं, त्यामुळे अर्थाच्या दृष्टीने व्युत्पत्ती मोहक आहे, यात शंका नाही. पण मग लॅटिन तोर्क्वेरेमध्ये त-र-क हाच क्रम कसा? ग्रीकमध्ये चातीला 'आत्राक्तोस' म्हणतात, तिथेही तोच क्रम. ग्रीक आणि रोमन यांनी यास्कांना विचारून अक्षरं उलटवली असं तर कोणी म्हणणार नाही ना? आचार्यांना साष्टांग नमस्कार, पण इथे ते चुकले. (कोणी 'तर्क', म्हणजे विचार, हाही याच घरातला म्हणतात. त्यात मी पडत नाही. वाहनप्रेमींच्या वादात तर्क फारसा सापडतही नाही.)

आणि आता या वंशावळीतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. एकाच धातूपासून पश्चिमेला जाडजूड, जड, पिळाचं कडं निघालं आणि आपल्याकडे हलकी, सडपातळ, गरगर फिरणारी टकळी निघाली. मस्टँग आणि एस२००० यांचं भांडण व्युत्पत्तीतच लिहून ठेवलंय!

तर टॉर्कला माझा शब्द आहे 'पीळ'. पिळणे आलं संस्कृत पीड्-वरून, ज्यातून 'पीडा'ही आली. तोर्क्वेरेतूनही एकीकडे टॉर्क निघाला आणि दुसरीकडे 'टॉर्चर'. दोन्ही भाषांनी पिळण्यातून छळापर्यंत एकच वाट चालली, याहून चोख जोड कुठे मिळणार? शिवाय विशेषण तयार आहे. ज्याला इंग्रजीत 'टॉर्की' म्हणतात, ते पीळदार इंजिन. पीळदार दंड म्हणतो तसंच.

यावर पुण्या-कोल्हापुरातले दुचाकीवाले आक्षेप घेतील. त्यांच्या बोलीत 'गाडी पिळणे' म्हणजे ॲक्सिलरेटरची मूठ पिळून गाडी तारस्वरात नेणे, म्हणजे नेमकं उलटं. 'आरएक्स पिळायची, बुलेट नाही,' असं सांगणारे मला भेटले आहेत. (आरएक्स म्हणजे यामाहाची हलकी दुचाकी, बुलेट म्हणजे रॉयल एनफील्डची जड.) पण त्यात विरोध कसला? ज्या इंजिनात पीळ कमी, ते पिळावं लागतं. ज्यात पीळ आहे, त्याला गरज नाही. नाम आणि क्रियापद दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत.

'हाय-रेव्हिंग'साठी 'चढ्या फेऱ्यांचं इंजिन' म्हणा. मेकॅनिक 'रेस' म्हणतो, 'रेस दे', 'रेसवर चालते', तेही चालेल. शब्दकोशात नाही म्हणून तो नाक मुरडण्याजोगा होत नाही.

राहिला 'इम्पोर्ट'. तिथे तो गाडीच्या जन्मस्थानाचा शब्द उरलेला नाही, तटाचं नाव झाला आहे. तुमच्या मित्राची एस२००० जपानहून बोटीने आली, मान्य. पण होंडाची अकॉर्ड १९८२पासून ओहायोतल्या मेरिसव्हिलला बनते आणि तरी तिला 'इम्पोर्ट' म्हणणारे भेटतात. उलट मस्टँगची कट्टर प्रतिस्पर्धी, अस्सल देशी म्हणून मिरवणारी शेवरले कमॅरो १९९३ ते २००२ या काळात कॅनडातल्या क्युबेक प्रांतात तयार होऊन सीमेपलीकडून अमेरिकेत येत होती. पुढच्या वेळी कोणी कमॅरोवाला 'इम्पोर्ट' म्हणून हिणवायला लागला, तर आधी त्याला तेवढं विचारा.