ओरखडा किती लांब यापेक्षा किती खोल

प्रश्न : सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणीतरी गाडीच्या दारावर किल्लीने हातभर ओरखडा काढला आहे. गॅरेजवाले पूर्ण दार रंगवायला सांगतात. ते खरेच आवश्यक आहे का? (पुणे)

उत्तर : हे ओरखड्याच्या लांबीवरून नव्हे, खोलीवरून ठरते. कारखान्यात पत्र्यावर आधी गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, मग रंगाचा बेस कोट आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट चढवतात. हे चारही थर मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या आठव्या-दहाव्या भागाएवढेच भरतात आणि त्यातला क्लिअर कोट ४० मायक्रॉनच्या आसपास असतो.

दार धुऊन कोरडे करा आणि ओरखड्यावर बोटाने पाणी सोडा. ओले असेपर्यंत ओरखडा दिसेनासा होऊन वाळल्यावर पुन्हा उमटला, तर तो बहुधा क्लिअर कोटमध्येच आहे. मग त्यावरून नख आडवे फिरवा. नख अडकत नसेल तर रबिंग कंपाउंड (वरचा थर किंचित घासणारी पेस्ट) आणि पॉलिश एवढ्यावर काम भागते. नख अडकत असेल तर तळाशी काय दिसते ते उजेडात नीट पाहा : सलग करडी किंवा पांढरी रेघ दिसली तर प्रायमर उघडा पडला आहे, आणि धातूची चमक किंवा तांबूस गंज दिसला तर पत्रा.

प्रायमरपर्यंत गेलेला बारीक ओरखडा टचअपने, म्हणजे तेवढ्याच जागी रंग भरून, बंद करता येतो. जवळून पाहिल्यास रेघ दिसेल, हे मात्र आधीच मान्य करावे लागते. ती रेघ खपत नसेल किंवा पत्र्याला पोचा आला असेल, तरच पूर्ण दार रंगवावे. माझा आग्रह कारखान्याचा मूळ रंग शक्य तितका राखण्याचा असतो. तो रंग सुमारे १४० अंश सेल्सिअसला भाजलेला असतो, तर तयार गाडीतले प्लॅस्टिक, रबर आणि वायरिंग तेवढी उष्णता सोसत नसल्याने गॅरेजच्या बूथमध्ये ६० अंशांच्या आसपासच काम करावे लागते. शिवाय मेटॅलिक रंगाची छटा शेजारच्या पॅनेलशी तंतोतंत जुळवणे कुशल पेंटरलाही अवघड जाते.

प्रश्न : दुचाकीचे हँडल घासून माझ्या मोटारीच्या मागच्या चाकावरचा पत्रा उघडा पडला आहे. पावसाळा संपल्यावर काम केले तर चालेल का? (रत्नागिरी)

उत्तर : चालणार नाही. दमट आणि खारट हवेत उघडा पत्रा लवकर गंजतो, आणि गंज भोवतालच्या चांगल्या रंगाखाली सरकत जाऊन फुगवटे आणतो. मग आज नखाएवढी असलेली जागा तळहाताएवढी खरवडावी लागते. पाऊस उघडलेला दिवस पाहून तेवढीच जागा बारीक पॉलिश पेपरने घासा, गंजाचा कण राहू देऊ नका, स्पिरिटने पुसा आणि गंजरोधक प्रायमर लावा. तो वाळल्यावर टचअपचा रंग द्या. त्याचा कोड बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो. बाटलीतला ब्रश बारीक जागेसाठी जाड पडतो. टूथपिकच्या टोकाने थेंब-थेंब सोडल्यास रंग बाहेर ओघळत नाही. एकच जाड थर देण्याऐवजी दोन-तीन पातळ थर मध्ये वाळू देऊन द्यावेत आणि शेवटी क्लिअर कोट लावावा. फुगवटे आधीच आले असतील, तर घरी हात न घालता डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे जावे.

प्रश्न : बंपर पार्किंगच्या खांबाला घासून पांढरे पट्टे उठले आहेत. (ठाणे)

उत्तर : त्यातला बराचसा खांबाचाच रंग असतो. आधी धुवा, मग मऊ कापडावर थोडे रबिंग कंपाउंड घेऊन हलक्या हाताने चोळा. थिनर वापरू नका. बंपर प्लॅस्टिकचा असल्याने गंजाची भीती नाही, त्यामुळे उरलेल्या ओरखड्यांची घाई नसते.

प्रश्न : अशा कामासाठी विम्याचा क्लेम करावा का? (नाशिक)

उत्तर : एका पॅनेलसाठी बहुधा परवडत नाही. खासगी मोटारीच्या विम्यात १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० रुपये आणि त्यावरील गाडीला २००० रुपये सक्तीने स्वतः भरावे लागतात. झिरो डेप्रिसिएशन, म्हणजे घसारा न कापण्याचे जादा संरक्षण, नसेल तर रंगाच्या सामानाच्या खर्चातून ५० टक्के घसाराही कापला जातो. त्याहून मोठा तोटा नो क्लेम बोनसचा : क्लेमविना वर्षे गेली की ओन डॅमेज प्रीमियमवर (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीच्या हप्त्यावर) २० पासून ५० टक्क्यांपर्यंत चढत जाणारी ही सूट एका क्लेमने पुढच्या नूतनीकरणाला शून्यावर येते. बोनस प्रोटेक्शनचे संरक्षण घेतले असेल तर त्याच्या अटी वाचा, नसेल तर बुडणारी सूट आणि पेंटरचा अंदाज कागदावर शेजारी मांडून पाहा.

प्रश्न : काळ्या गाडीवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेघा दिसतात. दर महिन्याला रबिंग करून घेऊ का? (नागपूर)

उत्तर : कृपया करू नका. प्रत्येक रबिंगमध्ये क्लिअर कोटचा थोडा भाग कायमचा निघून जातो. तो संपला की रंग फिका पडतो आणि पुन्हा रंगवण्यावाचून इलाज उरत नाही. या रेघांचे कारण बहुधा रोज सकाळी गाडीवर मारला जाणारा कोरडा फडका हे असते, कारण धुळीतले वाळूचे कण क्लिअर कोटपेक्षा कठीण असतात. गाडी पुसणाऱ्याला आधी भरपूर पाणी मारायला सांगा, शाम्पूसाठी आणि कापड खंगाळण्यासाठी वेगळ्या बादल्या द्या आणि जमिनीवर पडलेले कापड पुन्हा गाडीला लावू देऊ नका. धूळ बसलेल्या गाडीवर कव्हरही घालू नये, वाऱ्याने ते हलले की त्याच रेघा उठतात.