शेजारच्या देशात युद्ध असताना पोलंडला यावे का?

सप्रेम नमस्कार.

पोलंडमधील नोकरी पक्की होत आली असताना, शेजारी युद्ध चालू आहे हे ठाऊक असूनही पत्नीला आणि आठ वर्षांच्या मुलीला घेऊन यावे का, पोलिश भाषेवाचून निभाव लागतो का, आणि तेथे फार एकटे वाटते का, असे आपण विचारले आहे. व्हिसा, करार आणि कागदपत्रांच्या याद्या सरकारी संकेतस्थळांवर आहेत. त्या मी पुन्हा लिहीत नाही. आपल्या मुलीचे वय वाचले नसते तर मी कदाचित उत्तरही लिहिले नसते. ऑगस्ट २०२१ मध्ये कोल्हापूर सोडून आम्ही येथे आलो तेव्हा माझा मुलगाही आठ वर्षांचाच होता.

सुरक्षिततेचे थोडक्यात सांगते. पोलंड आणि युक्रेन यांची सीमा पाचशे किलोमीटरहून लांब आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये सीमेजवळच्या प्शेवोदूफ या खेड्यात क्षेपणास्त्र पडून दोन माणसे गेली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये रशियन ड्रोन पोलंडच्या हद्दीत शिरले. अशा दिवशी सगळे जण दिवसभर फोन पाहत राहतात आणि दुसऱ्या दिवशी नेहमीची ट्राम पकडतात. माझ्या घरात मात्र हे युद्ध आले ते कार्यालयाच्या रांगेतून आणि मुलाच्या वर्गातून, आणि त्या वाटेने ते येईल याची कल्पना मला कोणी दिली नव्हती.

२४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला. त्यानंतरच्या काही आठवड्यांत सीमेजवळच्या प्शेमिशलच्या रेल्वे स्थानकावर आणि मेदिकाच्या नाक्यावर जे घडले, त्याबद्दल पोलिश माणसांविषयी मला आजही आदर आहे. लोकांनी अनोळखी बायकामुलांना आपल्या घरात खोल्या दिल्या. युक्रेनमधून निघालेल्या भारतीय विद्यार्थ्यांनाही पोलंडने व्हिसा न मागता आत घेतले आणि झेशूफहून ते विमानाने मायदेशी गेले. आमच्या शहरातल्या मराठी कुटुंबांनी त्या दिवसांत पातेली भरभरून खिचडी पाठवली. पुढे १२ मार्चच्या विशेष कायद्याने युक्रेनच्या नागरिकांना राहण्याचा, काम करण्याचा आणि 'पेसेल', म्हणजे सरकारी ओळख क्रमांक, मिळण्याचा हक्क दिला. हा कायदा योग्यच होता. त्याच कायद्याच्या पुढच्या दुरुस्त्यांनी मात्र परदेशी लोकांच्या निवासाच्या अर्जांवर निर्णय देण्याच्या मुदती कार्यालयांसाठी स्थगित केल्या, आणि ती स्थगिती पुन्हापुन्हा वाढत गेली. अर्जाला उत्तर किती दिवसांत यायला हवे हे विचारण्याची सोयच त्यामुळे उरली नाही.

माझा 'कार्ता पोबितु'चा, म्हणजे निवासपत्राचा अर्ज याच काळात पडून होता. त्याला दीड वर्ष लागले. मधल्या काळात पासपोर्टवर एक शिक्का मारून देतात. त्या शिक्क्यावर पोलंडमध्ये राहता येते, पण केवळ त्याच्या बळावर जर्मनीत जाता येत नाही, आणि भारतात गेलात तर परत येण्यासाठी नवा व्हिसा घ्यावा लागतो. कार्यालयातली खिडकीपलीकडची बाई दर वेळी एकच वाक्य म्हणत असे, ते मला आता पोलिशमध्ये पाठ आहे. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत दुसऱ्या महायुद्धात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले होते, आणि फाळणीनंतर त्याच जागी सिंधी निर्वासितांचे गांधीनगर वसले, ही गोष्ट आमच्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. वॉर्सामध्ये कोल्हापूरचे स्मारकही आहे. येथे येताना हे नाते आपल्या उपयोगी पडेल असे मला भाबडेपणाने वाटले होते. त्या खिडकीवर त्याचा काही उपयोग होत नाही, आणि खरे तर व्हावा तरी का?

नोव्हेंबर २०२२ मध्ये कोल्हापुरात माझ्या वडिलांची बायपास झाली आणि मी गेले नाही. शिक्का आहे, गेले तर अडकेन, असे मी सगळ्यांना सांगितले आणि सगळ्यांना ते पटले. शिक्का खरा होता. परंतु नोकरीतला माझा परीक्षेचा काळ संपायला तेव्हा पाच आठवडे उरले होते आणि ती नोकरी मला सोडायची नव्हती, हे मी यजमानांनाही सांगितलेले नाही. व्हिसासाठी मुंबईत थांबावे लागले असते तर थांबता आले असते. वडील बरे आहेत. त्यांनी कधी विचारले नाही आणि मी कधी विषय काढला नाही. आपल्या आईवडिलांच्या प्रकृतीविषयी आपण काही लिहिलेले नाही, म्हणून हे लिहिले.

आता भाषा. 'इंग्रजीवर भागते' असे आपल्याला पुष्कळ जण सांगतील. कचेरीत भागते, शाळेत आणि दवाखान्यात भागत नाही. त्यातल्या त्यात मराठी माणसाला पोलिशची भीती इंग्रजी माणसाइतकी वाटू नये. पोलिशमध्ये सात विभक्ती आणि तीन लिंगे आहेत. 'पुणे'चे 'पुण्यात' होताना शब्दाचे अंग बदलते हे आपल्या हाडीमासी मुरलेले असल्यामुळे 'क्राकूफ'चे 'क्राकोव्ये' झालेले पाहून आपण दचकत नाही. ऐकू येणाऱ्या 'श', 'ष' आणि 'च' यांच्या छटांनी मात्र आपण रडकुंडीला येतो.

तरीही आपली ही तयारी आणि युक्रेनियन माणसाची जवळीक यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. पोलिश आणि युक्रेनियन या चुलत बहिणी आहेत. लिपी वेगळी असली तरी आठवडा, तास, रविवार असे रोजचे शब्द ऐकताच ओळखू येतात. फसगतीही त्याच जवळिकीतून होतात. माझ्या मुलाच्या वाढदिवसाला मी खार्किवहून आलेल्या एका बाईंना येताना 'ओवोत्से' आणा म्हटले, म्हणजे पोलिशमध्ये फळे. युक्रेनियनमध्ये 'ओवोची' म्हणजे भाज्या. त्या काकडी, मुळा आणि गाजरे चिरून, सुरेख मांडून घेऊन आल्या. कोल्हापूरच्या माणसाला काकडीचे वावडे नाही, म्हणून निभावले.

त्यांच्या घरची भाषेची कथा वेगळी होती. खार्किवमधल्या पुष्कळ कुटुंबांप्रमाणे ते घरात रशियन बोलत. युद्धानंतर त्या बाईंनी ती भाषा घरात बंद केली आणि मुलाशी युक्रेनियन बोलू लागल्या, जी त्यांना शाळेपुरती येत होती. मुलगा उत्तर रशियनमध्ये देई आणि शाळेत दिवसभर पोलिश ऐके. जेवताना आमच्याकडे कोणी बोलत नाही, असे त्या एकदा सहज म्हणाल्या. पोलिश शिकायचे त्या टाळत होत्या, कारण शिकले म्हणजे राहायचे ठरले असा त्याचा अर्थ होतो, असे त्यांना वाटे. त्यांचे यजमान युक्रेनमध्येच होते, कारण अठरा ते साठ वयाच्या पुरुषांना देश सोडता येत नव्हता.

युद्धाने पोलिश भाषेलाही हलवले. पूर्वी 'युक्रेनमध्ये' म्हणताना पोलिश लोक 'ना उक्राइन्ये' म्हणत, शब्दशः 'युक्रेनवर'. आपण 'घाटावर' आणि 'देशावर' म्हणतो पण 'कर्नाटकात' म्हणतो, तसाच हा भेद आहे. 'वर' म्हटले की तो आपल्याच मुलखाचा एखादा प्रांत वाटतो. २०२२ मध्ये पोलिश भाषा परिषदेने 'व उक्राइन्ये', म्हणजे 'युक्रेनात', म्हणावे अशी शिफारस केली. लिथुआनिया आणि स्लोव्हाकिया यांनाही आम्ही 'ना'च लावतो, त्यात अपमान कसला, असे माझ्या शेजारच्या आजी अजून म्हणतात. खाणावळींनी 'प्येरोगी रुस्क्ये' या बटाटा आणि पनीर भरलेल्या करंज्यांचे नाव बदलून 'युक्रेनियन' केले, तेव्हा याच आजींनी मला बजावले की ते 'रुस्क्ये' रशियाचे नव्हेच, आज बराचसा युक्रेनमध्ये असलेल्या जुन्या रुथेनिया प्रांताचे आहे. त्यांचे म्हणणे बरोबर होते. फलक काही महिन्यांत ठिकठिकाणी पुन्हा पूर्ववत झाले.

हे सगळे वाचायला गमतीचे आहे. माझ्या मुलाच्या बाबतीत त्याची गंमत राहिली नाही. तो दुसरीत होता आणि त्याला आठवड्यातून दोन तास पोलिशची जादा शिकवणी मिळत असे. एप्रिल २०२२ मध्ये शाळेने युक्रेनहून आलेल्या नव्या मुलांसाठी तयारी वर्ग, म्हणजे आधी पोलिश शिकवणारा वेगळा वर्ग, उघडला आणि परदेशी मूल म्हणून त्यालाही तेथे नेऊन बसवले. त्या वर्गात तो सोडून सगळी मुले युक्रेनची होती. बाई मनाने चांगल्या होत्या. त्यांना शाळेत असताना शिकलेली रशियन येत होती, म्हणून अडलेला पोलिश शब्द त्या रशियनमधून समजावीत. त्यातही घोटाळे होत: पोलिश 'झापोम्न्येच' म्हणजे विसरणे आणि रशियन 'झापोम्नित' म्हणजे लक्षात ठेवणे, त्यामुळे 'वही विसरू नका' म्हटले की अर्धा वर्ग हसे. माझा मुलगाही हसे, कारण सगळे हसत होते. जूनपर्यंत बहुतेक मुले नियमित वर्गात गेली. माझा मुलगा पुढचे वर्षही तयारी वर्गातच राहिला. आज तो बारा वर्षांचा आहे आणि बरोबरीच्या मुलांच्या एक इयत्ता मागे आहे. त्या वर्षी त्याने सर्वांत चांगले काय आत्मसात केले असेल तर खार्किवच्या मित्राकडून रशियन शिव्या.

त्या वर्षी मला त्या मुलांचा राग येत असे, हे मी येथे प्रथमच लिहीत आहे. ज्यांची घरे पडली होती त्यांचा मला हेवा वाटे. त्यांना पेसेल मिळाला, शिक्क्यासाठी थांबावे लागले नाही, आणि पोलिश शब्द त्यांच्या कानात आधीच अर्धा होता. एकदा शाळेच्या फाटकाशी मी यजमानांना मराठीत म्हणाले की युद्ध यांचे आणि वर्ष आमचे वाया. खार्किवच्या बाई शेजारी उभ्या होत्या. त्यांना मराठी कळणे शक्य नव्हते, तरी त्यानंतर कित्येक दिवस मी त्यांच्याशी नीट बोलू शकले नाही. त्या आता दुसऱ्या शहरात असतात.

एकटेपणाचे विचारले आहे. तो असतो. डिसेंबरात दुपारी चारच्या आत अंधार पडतो, ड जीवनसत्त्व घ्यावे आणि रविवारी घराबाहेर पडावे. याहून अधिक सांगण्यासारखे मजजवळ नाही.

यावे की न यावे, हे मी आपल्याला सांगू शकणार नाही. भाडी २०२२ मध्ये चढली ती फारशी उतरलेली नाहीत, हे पगार ठरवताना ध्यानात घ्यावे. दीर्घ मुदतीच्या निवासासाठी पोलिशचे 'बी एक', म्हणजे मध्यम पातळीचे प्रमाणपत्र लागते. मी त्याचा अभ्यास आता, चार वर्षांनी, करते आहे आणि माझ्या निबंधातला 'ना' खोडून मुलगा 'व' लिहितो. मुलीला विमानात बसण्यापूर्वी सहा महिने पोलिश शिकवायला लावा, तिची आई नको म्हणाली तरी. आणि शाळेत प्रवेश घ्याल त्या दिवशी, दुभाष्या सोबत नेऊन, तयारी वर्गातल्या बाई मुलांना अडलेले कोणत्या भाषेतून समजावतात हे स्पष्ट विचारा. मी विचारले नव्हते.