कपाटामागचा नंदी

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी आपल्या नागपूरच्या महाल भागातल्या गल्लीत लाकडी बैल, म्हणजे नंदी, घेऊन पोरांची रांग निघाली, तेव्हा तू आमच्या जिन्यावर बसून होतास. नंदी कुठे म्हणून विचारले तर ‘कपाटामागे लपवला’ म्हणालास, आणि थोड्या वेळाने, नुकत्याच फुटू लागलेल्या आवाजात, मला मोठेही व्हायचे आहे आणि व्हायचे नाहीही, असे सांगून तोंड फिरवलेस. रात्री मला झोप लागली नाही, म्हणून हे पत्र.

एकट्याने सायकलवर सीताबर्डीला जावेसे वाटते आणि ताप आला की आईने उशाशी बसावेसेही वाटते, यात गोंधळ कसला? दोन्ही खरे आहे. मोठे होण्याचा एकच दिवस तर कायद्यालाही ठरवता आलेला नाही. एसटीचे अर्धे तिकीट 12 व्या वर्षी संपते, मोफत शिक्षणाचा हक्क 14 व्या वर्षापर्यंत आहे आणि मताचा अधिकार 18 व्या वर्षी मिळतो. तोही 1989 पर्यंत 21 व्या वर्षी मिळत असे. मग तू तो एका संध्याकाळीत का ठरवतोस?

माझा राग तुझ्या दुविधेवर नाही, त्या कपाटावर आहे. ‘एवढा घोडा झालास तरी’ असे कुणीतरी म्हटले असणार. बाळा, लाजेपोटी काही सोडू नकोस. मन भरले म्हणून सोड, धाकट्या बहिणीला द्यावेसे वाटले म्हणून सोड, पण लाजेपोटी सोडू नकोस. कालच सकाळी आपण ईडा-पीडा घेऊन जा म्हणत मारबतीच्या पुतळ्याला वेशीबाहेर धाडले. तुझा नंदी म्हणजे मारबत नव्हे. हा सण मुलांसाठी दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी सुरू केला असे आपल्याकडे सांगतात, आणि त्यांच्या वाड्यातला मोठा लाकडी नंदी निघतो तेव्हा मोठी माणसेही त्याच्यापुढे हात जोडून उभी असतात; त्यांना कुणी घोडा म्हणत नाही.

मी बारा वर्षांचा असताना काका चारचौघांत हसले आणि मी माझा नंदी तिथल्या तिथे शेजारच्या मुलाला देऊन टाकला. वर मीही हसलो. त्या संध्याकाळी फाटकाशी उभा राहून मी त्याला माझ्याच नंदीवर बोजारा, म्हणजे घरोघरचा खाऊ आणि पैसे, गोळा करताना पाहिले. तरीही शहाणपण आले नाही. मुलगी सातवीत गेली तेव्हा तिची भातुकली मीच भंगारवाल्याला दिली. दोन खोल्यांत आम्ही सहा माणसे राहत होतो, तिच्या अभ्यासाला कोपरा हवा होता, आणि त्या कोपऱ्यात बसूनच ती शिकली. हे मी आजही ठामपणे सांगेन. परंतु जागा नाही, असे मी तिला सांगितले नव्हते. ‘आता तू मोठी झालीस’ असे सांगितले होते. ती रडली नाही. पितळेची एक इवलीशी पळी तेवढी तिने मुठीत धरून ठेवली होती, आणि मी ती पाहिली न पाहिल्यासारखे केले. जागेची अडचण तिला समजली असती. मी मात्र तिच्या वयालाच दोषी ठरवले.

म्हणून पुन्हा सांगतो, आणि तू कंटाळलास तरी सांगेन: लाजेपोटी नाही. पुढच्या वर्षी रांगेत उभे राहावेसे वाटले नाही तर राहू नकोस, मी एका शब्दाने विचारणार नाही. पण तो निर्णय तुझा असू दे, हसणाऱ्यांचा नको.

नंदीचे मागचे उजवे चाक ढिले झाले आहे, हे मी गेल्या वर्षीच पाहिले होते. पाचर मारली की बसेल. रविवारी सकाळी घेऊन ये, आणि पिशवीत घालून आणू नकोस.

तुझा,
खालच्या मजल्यावरचा आजोबा