माळ तिने विचार करूनच उतरवली आहे

खानापूर तालुक्यातल्या एका प्राथमिक शिक्षकांचं चार पानी पत्र आलं आहे. घर वारकरी, तीन पिढ्यांची पंढरीची वारी. मुलगी यंदा बेळगावात प्राणिशास्त्र आणि रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली, 61 टक्के. तिला मत्स्यसंवर्धन आणि जलजीवशास्त्रात पुढचं शिक्षण घ्यायचं आहे. मुंबईत वर्सोव्याच्या मत्स्य-शिक्षण संस्थेत जमलं तर उत्तम, नाहीतर कारवारला. वडील म्हणतात, बी.एड. कर. "तळ्यात मासे सोडायला एम.एस्सी. कशाला हवं? आमच्या गावचा भोई अंगठेबहाद्दर आहे, तो करतोच की." शेवटी विनंती आहे: "तुम्ही दोन शब्द लिहिलेत तर ती ऐकेल. तुमचं उत्तर येईपर्यंत फॉर्मचे पैसे दिलेले नाहीत."

गुरुजी, नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. 61 टक्क्यांची मला काळजी वाटली नाही. मी अडले ती तिसऱ्या पानावर. तिथे तुम्ही लिहिलंय, "परवा तिने गळ्यातली माळ काढून देव्हाऱ्यात ठेवली. बोलली काहीच नाही. तेव्हापासून मी तिच्याशी बोललेलो नाही."

या दोन ओळींत तुमचं दुखणं आहे, हे मला कळतं. माळ घालणं म्हणजे काय हे मी जाणते. पण गुरुजी, जरा तिच्या जागी उभं राहून बघा. माळ हलकी मानणारी मुलगी ती गळ्यात तशीच ठेवून निघून गेली असती. वसतिगृहात कोण बघायला येणार होतं? तुमच्या मुलीने तसं केलं नाही. या विषयात मासा हातात घ्यावा लागेल, कापावाही लागेल, हे तिला ठाऊक आहे, म्हणून तिने माळ उतरवली आणि देवापाशी ठेवली. तुम्ही याला बंड म्हणता. मला तर यात तुम्हीच दिलेली शिकवण दिसते. इतक्या प्रामाणिक पोरीशी तुम्ही अबोला धरलाय, हे मला फार लागलं.

आणखी एक खटकलं. चार पानांत तुम्ही आहात, तुमचे थोरले बंधू आहेत, दिंडीतली माणसं आहेत, "मासेवाली पोरगी म्हणून स्थळं परत जातील" म्हणणारे पाहुणे आहेत. मुलीचं वाक्य एकच आहे, "मला पाण्याचं शिकायचंय." तिची आई तर पत्रात कुठेच नाही. आणि पाहुण्यांचं म्हणाल, तर शिक्षण ऐकून परत जाणारं स्थळ परत गेलेलंच बरं.

श्रद्धेबद्दल एवढंच सांगते की हा विषय शिकायला मासे खावे लागत नाहीत. जलपर्यावरण, शेवाळ, समुद्री शैवालाची लागवड, पाण्याची तपासणी, माशांचे रोग, शोभिवंत मासे असं बरंच काही यात येतं. पण खोटा दिलासा देणार नाही. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, 2014 मध्ये पदवीच्या वर्गातली प्राण्यांची चिरफाड बंद करायला सांगितली, त्यामुळे तिने बी.एस्सी.ला कदाचित एकही मासा कापला नसेल. एम.एस्सी.ला कल्ले तपासावे लागू शकतात, पोटातलं अन्न पाहावं लागू शकतं. ते आपल्याला झेपेल का, हे तिने आधी स्वतःला विचारावं. ते उत्तर तिचं असेल, दिंडीचं नाही. विठ्ठलाच्या कानातली कुंडलं मासोळीच्या आकाराची आहेत, हे तुम्हाला मी सांगायला नको. वाद घालायला म्हणत नाही, पाण्यातल्या जिवाचं आपल्या देवाला वावडं नाही एवढंच मनात आलं.

आता त्या भोईदादांबद्दल. त्यांना अंगठेबहाद्दर म्हणू नका, त्यांना खूप कळतं. ते पहाटे तळ्यावर जातात, मासे वर येऊन तोंडं उघडताना दिसले की काहीतरी बिघडलंय हे ओळखतात. का बिघडलं, हे शिकणाऱ्याला सांगता येतं. दिवसा पाण्यातलं हिरवं शेवाळ उन्हावर प्राणवायू तयार करतं. रात्री तेच शेवाळ आणि मासे मिळून तो वापरतात. म्हणून पाण्यातला प्राणवायू पहाटे सगळ्यात कमी असतो. आदल्या दिवशी आभाळ भरलेलं असेल तर आणखी कमी. मुलगी काचेच्या बाटलीत पाणी भरेल, त्यात दोन रसायनं टाकेल. तळाशी तपकिरी साका बसला तर प्राणवायू आहे, पांढराच राहिला तर तळं गुदमरलंय. पुढे मोजणी करून ती आकडा काढेल. लिटरला 5 मिलिग्रॅमच्या वर असेल तर रोहू-कटला निवांत. भोईदादांना मासे वर आल्यावर कळतं, तिला आदल्या संध्याकाळी अंदाज बांधता येईल. तळ्यातलं सगळं पीक वाचायला तेवढी एक रात्र पुरते.

आणि भोईदादा तळ्यात सोडतात ती बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, येतात कुठून? कटला, रोहू, मृगळ हे मासे साचलेल्या तळ्यात आपणहून अंडी घालत नाहीत, त्यांना पावसाळ्यातली वाहती नदी लागते. पूर्वी बीज नदीतून गोळा करावं लागे, त्यात नको त्या माशांचीही भेसळ असे. 1957 मध्ये 10 जुलैला डॉ. हिरालाल चौधुरी यांनी ओडिशात पियुषिका (पिट्युटरी) ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन या माशांचं प्रजनन घडवून आणलं. त्याच तारखेला आपण राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन पाळतो. न शिकलेल्या माणसाच्या तळ्यात आज खात्रीचं बीज पडतं, ते कुणीतरी शिकला म्हणून.

कृष्णाकाठी अथणी-रायबागकडे उसाला पाणी पाजून पाजून क्षारपड झालेली रानं तुम्ही पाहिली असतील. हरियाणातही अशी जमीन आहे. तिथल्या खाऱ्या भूजलात लोकांनी कोळंबी सोडली, तर ती मरायला लागली. चव समुद्रासारखी खारट, मग कोळंबी का मरते? तर त्या पाण्यात समुद्राच्या मानाने पोटॅशियम फार कमी असतं. शेतात टाकतो ते पोटॅश हिशेबाने पाण्यात मिसळल्यावर कोळंबी जगली. तो हिशेब बसवण्यात वर्सोव्याच्या संस्थेच्या रोहतकजवळच्या लाहली केंद्राचा मोठा वाटा आहे. आपल्याकडे उद्या कुणी कृष्णाकाठी हे करायला निघालं, तर आधी पाण्याचा ताळेबंद मांडणारं माणूस लागेल. मासे सोडणं हे यातलं शेवटचं काम.

मुलीसाठी एक कडू गोष्ट. वर्सोव्याची केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था 1961 पासूनची, नावाजलेली आहे. पण तिथे एम.एफ.एस्सी., म्हणजे मत्स्यविज्ञानाची पदव्युत्तर पदवी आहे आणि तिला बहुतेक सगळीकडे बी.एफ.एस्सी.चीच, म्हणजे मत्स्यविज्ञानाचीच, पदवी लागते. बी.एफ.एस्सी. हा बारावीनंतरचा चार वर्षांचा वेगळा अभ्यासक्रम. मंगळूरचं मत्स्य महाविद्यालय 1969 पासून तो शिकवतं, आज ते बिदरच्या विद्यापीठाखाली आहे. रत्नागिरीतही तो आहे. बारावीनंतर हिला हे कुणीच सांगितलं नाही. आपल्या भागात मेडिकल आणि इंजिनिअरिंगपुढे कुणी बोलतच नाही, याचा मला दरवर्षी राग येतो. तेव्हा वर्सोव्याचं दार पदव्युत्तरला मिटलं असं धरून चालावं.

तिच्यासाठी दार आहे ते एम.एस्सी.चं. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचा सागरी जीवशास्त्र विभाग कारवारला कोडीबागेत आहे, काळी नदी समुद्राला मिळते तिथेच. खाडी, कांदळवन, समुद्र हाकेच्या अंतरावर. केंद्रीय समुद्री मत्स्यकी संशोधन संस्थेचं केंद्रही त्याच गावात आहे. कोचीचं कुसाट (कोचीन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ) आणि गोवा विद्यापीठ त्यांच्या प्रवेश परीक्षांनी घेतात, पाँडिचेरी विद्यापीठाचा श्री विजयपुरमचा (पूर्वीचं पोर्ट ब्लेअर) वर्ग सीयूईटी-पीजी या सामाईक प्रवेश परीक्षेने. पात्रता त्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहायची. माझं मत विचाराल तर कारवार. घराजवळ, कोकणी-मराठी कानावर पडेल अशी जागा, आणि पुढे प्रकल्पासाठी गोव्यात दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था फार लांब नाही.

सरकारी नोकरी हमखास का, असं तुम्ही विचारलंय. नाही. मत्स्य खात्याच्या अधिकारी पदांवर बी.एफ.एस्सी.वाल्यांचा हक्क आधी असतो. एम.एस्सी.नंतर संशोधन प्रकल्प, नेट देऊन प्राध्यापकी, पाणी तपासणीच्या प्रयोगशाळा, आंध्रातल्या हॅचऱ्या (मत्स्यबीज तयार करणारी केंद्रं) आणि खाद्य कंपन्या, हे रस्ते. सुरुवातीचा पगार बेताचा. हॅचरीत रात्रपाळी असते, हंगामात झोप मिळत नाही. आणि कर्नाटकात राहून काम करायचं तर तिला कन्नड नीट लिहिता-वाचता आलंच पाहिजे. सीमाप्रश्नावर तुमचं-माझं मत काहीही असो, सौंदत्तीचा मच्छीमार त्याच्या तळ्याचं दुखणं कन्नडमध्येच सांगणार.

बी.एड.ला मी नावं ठेवत नाही. पण तुम्ही स्वतः मराठी शाळेत शिकवता. आपल्या शाळांचे पट कसे उतरत चाललेत, हे तुम्ही रोज हजेरी घेताना मोजता. तरी मन नसलेल्या मुलीला त्याच वाटेने पाठवायला निघालात, तेही पाहुण्यांना उत्तर द्यायला सोपं जातं म्हणून. हे मला पटत नाही. तिला समजावणारे दोन शब्द माझ्याकडून मिळणार नाहीत.

त्याऐवजी एक करा. पावसाळा आहे, बीज काढायचा हंगाम सुरू आहे. चौकशी करून तिच्यासोबत जिल्ह्यातल्या एखाद्या मत्स्यबीज केंद्रावर पहाटे जा. तुम्ही दोघंच, थोरले बंधू नकोत. गोल हौदात पाणी फिरत असेल. तीन दिवसांचे जीव, त्यांना मत्स्यजिरे म्हणतात, जिऱ्याएवढेच दिसतात. ते एकेक मोजता येत नाहीत. एका लहान वाटीत किती बसतात ते एकदा मोजतात आणि मग वाट्यांनी माप घालतात. पिशवीत थोडं पाणी, त्यावर प्राणवायू भरून तोंड घट्ट बांधतात. ती वाटी एकदा मुलीच्या हातात द्या आणि तिच्याकडे बघा. तुम्ही इतकी वर्षं मुलं शिकवलीत, कुणाचं मन कशात लागलंय हे तुम्हाला चेहऱ्यावरून कळतं. तिला ते काम बघून किळस आली, तर तीही तिथेच कळेल आणि मग आपण दुसरं बोलू.

येताना गाडीत अबोला सोडा. आणि फॉर्मचे पैसे आज द्या, मुदत माझ्या उत्तरासाठी थांबत नाही. पुढचं पत्र तिच्या हातचं येऊ दे. "पाण्याचं शिकायचंय" म्हणजे नेमकं काय, नदीचं, तळ्याचं की समुद्राचं, ते तिने मला लिहावं. तिची आई काय म्हणते, तेही.