गुरुत्वीय लहरी आणि न्यूट्रॉन ताऱ्यांच्या संशोधनात आता करण्यासारखं काही उरलंय का?

'लहरी तर सापडल्या, मग उरलं काय?' हे तुमच्या प्रश्नातलं वाक्य वाचून राहवलं नाही. गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाश-काळात पसरणारे तरंग, सापडण्याआधी मला बरोब्बर उलटं ऐकवलं गेलं होतं.

२०१३ साली एका संस्थेत मुलाखत होती. माझा विषय: जोडीतला न्यूट्रॉन तारा जोडीदाराच्या ओढीने किती ताणला जातो. सूर्यापेक्षा जास्त वस्तुमान जेमतेम बारा किलोमीटर त्रिज्येत कोंबलेलं. आतलं द्रव्य कसं आहे, ते या ताणावरून कळतं. त्याआधीचे तीन आठवडे मी एका आलेखाशी झगडत होते: ताऱ्याच्या वस्तुमानानुसार हा ताण किती, ते दाखवणारा. हलक्या ताऱ्यांकडे रेष करवतीसारखी दातेरी व्हायची. भौतिकी चोख होती, पण सूत्रातली मोठी पदं एकमेकांना जवळजवळ पूर्ण कापत होती आणि उरत होती ती नुसती राउंड-ऑफची, म्हणजे संगणक आकडे तोडतो त्याची, चूक. तिथे सूत्राऐवजी श्रेणी (लहान होत जाणाऱ्या पदांची बेरीज) वापरली, तेव्हा रेष सरळ झाली. हे मी उत्साहाने सांगत असताना समितीतले एक ज्येष्ठ म्हणाले, "आधी लहरी सापडू देत, मग बघू." पुढे एकही प्रश्न आला नाही.

१७ ऑगस्ट २०१७ ला सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवरून दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाची लहर आली, आणि १.७ सेकंदांनी गॅमा किरण. या शोधाच्या निबंधात तारा किती ताणला जातो, तीच राशी होती! तारे मंद फिरत होते असं धरलं, तर १.४ सौर वस्तुमानाच्या ताऱ्यासाठी ती ८०० च्या आत (नुसती संख्या, तिला एकक नाही). मी जुनी फाइल उघडली, ८०० वर आडवी रेष ओढली. आतलं द्रव्य कसं असेल याच्या सात शक्यतांच्या माझ्या सात वक्ररेषांपैकी दोन वर राहिल्या, म्हणजे त्या शक्यता बाद. त्या रात्री झोप आली नाही.

तेव्हा 'हे मोजता कधी येणार' असं विचारणाऱ्याचं ऐकून विषय सोडू नका. मोजलं तर काय ठरेल, एवढं बघा. आणि उरलंय भरपूर: एकट्या फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याची अखंड लहर अजून सापडलेली नाही. दोन तारे एक झाल्यानंतरची लहरही नाही.

एक मात्र आधीच सांगायला हवं होतं. पक्क्या जागा फार थोड्या. मी तीन पोस्टडॉक (पीएचडीनंतरच्या ठरावीक मुदतीच्या संशोधन-नोकऱ्या) केले, दर वेळी देश बदलला, आणि प्रत्येक करार संपायच्या वर्षभर आधीपासून अर्ज भरत बसले. घरच्यांशी आत्ताच बोलून घ्या. सांख्यिकी आणि प्रोग्रामिंग पक्कं करा. विषय बदलावा लागला, तरी ते हाताशी राहतं.