आधी शेवटच्या रांगेत बसून बघ

प्रिय चिरंजीव,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेला तक्ता काल रात्री दोनदा वाचला. पाच गाड्या, सतरा रकाने, आणि खाली ‘काका, डोके चालेनासे झाले आहे, आता तुम्हीच सांगा’ ही ओळ. स्पीकर किती, पडदा किती इंचांचा, शून्यापासून शंभरचा वेग किती सेकंदांत, सगळे तू भरले आहेस. मात्र गेल्या वर्षी ज्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली त्या वहिनींना, म्हणजे तुझ्या आईला, या पाचांपैकी कोणत्या गाडीत मागे चढता येईल, याचा रकाना मला सापडला नाही. तुझे डोके ठीक आहे. ते चालकाच्या सीटवर जाऊन बसले आहे, एवढीच अडचण आहे.

आठवड्याचे पाच दिवस भोसरी ते चाकण, महिन्यातून दोनदा परदेशी ग्राहकाला विमानतळावरून आणणे आणि महिन्या-दीड महिन्याने सगळ्यांना घेऊन सांगलीला जाणे, अशा कामासाठी ऐसपैस, प्रतिष्ठेला शोभेल अशी आणि तरीही टाकी रिकामी न करणारी गाडी तुला हवी आहे. मागणी रास्त आहे. माझे म्हणणे एकच आहे आणि ते या पत्रात अनेकदा येईल, तेव्हा कंटाळू नकोस. गाडी शेवटच्या रांगेत बसून निवडावी.

शोरूममध्ये गेलास की विक्रेता तुला आधी स्टिअरिंगमागे बसवील. नम्रपणे नाही म्हण. मधली सीट तुझ्या सहा फुटी मेहुण्याला लागेल तेवढी मागे सरकव आणि मग तू स्वतः तिसऱ्या रांगेत जाऊन अर्धा तास बस. पाच मिनिटांत काही कळत नाही. बसल्यावर गुडघे छातीकडे येतात का आणि मांड्या अधांतरी राहतात का, ते बघ. बऱ्याच उंच, दणकट गाड्यांमध्ये चासीच्या लोखंडी सांगाड्यावर मागची जमीन उंच येते, त्यामुळे सीट आणि जमीन यांच्यातले अंतर कमी पडते आणि माणूस पाटावर बसल्यासारखा बसतो. सांगाडा नसलेल्या आणि पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीत मागे जाणारा दांडा नसतो, जमीन खाली राहते, पाय सुटे ठेवता येतात. माहितीपत्रकात दोन्हींच्या पुढे ‘सात आसने’ एवढेच छापलेले असते.

तू म्हणशील, मागे मुलेच बसणार आहेत. अरे, आपल्या घरांत मागे कोण बसते ते मला विचार. ‘मला कुठेही चालेल’ असे जो म्हणतो, तो मागे बसतो. मुलांना खिडकी हवी असते, सुनेला गाडी लागते, जावयाला मान द्यायचा असतो. उरलेल्या जागेत आई नाहीतर आजोबा जातात आणि वर हसून सांगतात की इथे छान वारा लागतो.

आमचे अण्णा असेच म्हणाले होते. २०११ च्या दिवाळीआधी मी पहिली मोठी गाडी घेतली. कोणती ते लिहीत नाही. उंच होती, काळी होती, आणि दारात उभी राहिली की गल्लीतले लोक थांबून बघत. त्या वेळी इनोव्हा बाजारात येऊन सहा वर्षे झाली होती, माझ्या वाहनचालकाने तीच घ्या म्हणून तीनदा सांगितले, पण ‘ती टूरवाल्यांची गाडी’ म्हणून मी नाक मुरडले. भाऊबीजेला पुण्याहून कराडला निघालो. अण्णा तेव्हा शहात्तर वर्षांचे होते. मागे बसताना त्यांनी दाराच्या वरची कडी धरली, एक पाय आत टाकला आणि दुसरा पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला. हे मी आरशात पाहिले. पाहिले आणि गाडी सुरू केली. खंबाटकीची वळणे संपवून सुरूर फाट्यावर चहाला थांबलो, तेव्हा ते उतरले आणि गाडीला टेकून, धोतराचा सोगा हातात धरून, बराच वेळ तसेच उभे राहिले, कारण गुडघा सरळ होत नव्हता. मी विचारले, ‘अण्णा, कशी आहे गाडी?’ म्हणाले, ‘झकास आहे. पुढच्या वेळी मी एस्टीनं येतो.’

मला तो विनोद वाटला होता. त्यानंतर पाच वर्षे अण्णा पुण्याला अर्ध्या तिकिटात एस्टीनेच आले आणि एस्टीनेच गेले; स्वारगेटवर त्यांना आणायला मी त्याच काळ्या गाडीने जात असे, आणि तेवढ्या अंतरासाठी ते पुढे बसत.

त्या गाडीचा मला पश्चात्ताप आहे असे मात्र समजू नकोस. मोठ्या कंपनीच्या फाटकावर त्या काळी छोट्या पुरवठादाराला कोणी खुर्ची देत नसे आणि त्या गाडीमुळे फाटक लवकर उघडत असे, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. धंदा त्या वर्षांत वाढला. मी तेव्हा दुसरे काय करायला हवे होते, हे आजही कोणी मला पटवून देऊ शकलेले नाही. फक्त, खरेदीच्या दिवशी अण्णांना शोरूममध्ये नेले असते तर पाव तास अधिक लागला असता, आणि तो पाव तास माझ्याकडे होता. असो.

आता इंधन. तुझ्या तक्त्यात इनोव्हा हायक्रॉसच्या हायब्रिडपुढे, म्हणजे पेट्रोल इंजिनाला विजेच्या मोटरीची जोड असलेल्या गाडीपुढे, लिटरला २३.२४ किलोमीटर हा आकडा आहे आणि तू त्यावरूनच महिन्याचा खर्च काढला आहेस. हे आकडे गाड्यांची चाचणी घेणाऱ्या एआरएआयसारख्या संस्थांच्या प्रयोगशाळेत रोलरवर गाडी चालवून, एसी बंद ठेवून काढलेले असतात. एआरएआयची टेकडी तुझ्या घरून दिसते म्हणून तो आकडा तुझ्या घरचा होत नाही. तिथे गाडीत सहा माणसे, लाडवांचे डबे आणि तांदळाचे पोते नसते. माझ्या एका स्नेह्याकडे हीच गाडी आहे आणि शहरात एसी लावून त्याला पंधरा-सोळाचे ॲव्हरेज मिळते. हेही त्याने पडद्यावर पाहून सांगितलेले नाही. एकाच पंपावर, नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरायची, किलोमीटर लिहायचे, पुन्हा तिथेच तशीच भरायची आणि भागाकार करायचा. मी २००६ पासून असाच हिशेब वहीत ठेवत आलो आहे आणि गाडीच्या पडद्याने माझ्या वहीपेक्षा कमी ॲव्हरेज दाखवल्याचे मला एकदाही आठवत नाही.

तरीही तुझ्यासाठी माझा कल हायब्रिडकडे आहे आणि त्याचे कारण चाकणचा रस्ता हे आहे. हायब्रिड गाडी रांगत असताना पुष्कळदा इंजिन बंदच असते, मोटर बॅटरीवर चाके फिरवते आणि ब्रेक दाबला की वाया जाणारी शक्ती पुन्हा बॅटरीत जाते. म्हणजे ज्या गर्दीत इतर गाड्या जागेवर उभ्या राहून इंधन पितात, त्याच गर्दीत ही वाचवते. सांगलीच्या हमरस्त्यावर एकसारख्या वेगाने जाताना इंजिन बहुतेक वेळ चालूच राहते आणि फायदा बराच आटतो. बॅटरीला चार्जिंग लागत नाही, त्यामुळे तुमच्या सोसायटीचा चार्जिंगचा वाद मिटेपर्यंत तुला थांबावेही लागणार नाही.

पण हिशेब कर, भारावून जाऊ नकोस. वर्षाला १८,००० किलोमीटर धर. साध्या पेट्रोल गाडीचे शहरातले ॲव्हरेज १० धरले तर १,८०० लिटर लागतील. हायब्रिडचे १६ धरले तर १,१२५. फरक ६७५ लिटरचा, आणि सोयीसाठी लिटरला शंभर रुपये धरले तर वर्षाला साडेसदुसष्ट हजारांचा. दोन्ही प्रकारांच्या किमतीत पाच-सहा लाखांचे अंतर असेल, तर केवळ इंधनातून ते भरून यायला साडेसात ते नऊ वर्षे जातील. वर्षाला ३०,००० किलोमीटर फिरलास तर तेच पाच वर्षांवर येते. तू किती फिरतोस हे तुझ्या तक्त्यात कुठेच नाही. जुन्या गाडीच्या सर्व्हिसिंगची बिले काढ, त्यावर किलोमीटर लिहिलेले असतात. ज्याला स्वतःचे किलोमीटर ठाऊक नाहीत त्याने ॲव्हरेजवर बोलू नये.

डिझेलची इनोव्हा क्रिस्टा मला मनापासून आवडते. २.४ लिटरचे इंजिन आहे, मागच्या चाकांना ताकद मिळते, सात माणसे घेऊन आंबा घाट चढताना ती कुरकुरत नाही. तू रोज कोल्हापूर-पुणे करत असतास तर हीच घे म्हणालो असतो. परंतु १ एप्रिल २०२० नंतरच्या, बीएस-६ या प्रदूषणाच्या कडक नियमांत बसणाऱ्या डिझेल गाड्यांना धुरातली काजळी अडवणारी गाळणी असते आणि ती स्वच्छ होण्यासाठी गाडी अधूनमधून सलग वेगाने पळावी लागते. रोज वीस किलोमीटर रांगत जाणाऱ्याने ते दुखणे का घ्यावे? आणि ती सांगाड्यावरची गाडी आहे, तेव्हा शेवटच्या रांगेबद्दल मी वर जे लिहिले ते पुन्हा वाच.

कियाची कार्निव्हल तुझ्या तक्त्यात कशी शिरली ते मला ठाऊक आहे. तुझ्या भागीदाराने दाखवली असणार. मागची दारे बटणावर सरकतात, अडचणीच्या जागीही म्हातारे माणूस नीट उतरते, माझ्या कसोटीला ती सगळ्यांत चांगली उतरेल हे मी मान्य करतो. पण कर आणि विमा धरून ती साठ लाखांच्या पुढे जाते आणि तिची लांबी ५,१५५ मिलिमीटर आहे, हायक्रॉसपेक्षा ४०० मिलिमीटर जास्त. तुझ्या पार्किंगच्या खांबांमध्ये आधी टेप धर. मारुतीची इन्व्हिक्टो ही तर हायक्रॉसचीच बहीण, बिडदीच्या एकाच कारखान्यातून येणारी. जिची डिलिव्हरी लवकर मिळेल आणि जिची सीट वहिनींना मानवेल ती घे. नावाच्या बिल्ल्यावरून महिनाभर वाद घालण्यासारखे त्यात काही नाही.

वापरलेली जर्मन गाडी पस्तीस लाखांत मिळते आहे, हे तू तीन ठिकाणी लिहिले आहेस. तीनदा लिहिलेस यावरूनच तुझे मन कुठे आहे ते कळले. तुझा ग्राहक विमानतळावरून उतरल्यावर मागे बसून लॅपटॉप उघडणार आहे. त्याला पाय लांब करता आले आणि गाडी शांत असली की पुरे. बॉनेटवरचे चिन्ह त्याला आतून दिसतही नाही. मला २०११ मध्ये हे कोणी सांगितले नव्हते. सांगितले होते, माझ्या वाहनचालकाने; मी ऐकले नाही.

कंपनीच्या नावावर गाडी घ्यावी का, या प्रश्नाचा शेवटच्या रांगेशी संबंध नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला व्यक्तीच्या नावावर १३ टक्के वाहनकर पडतो, डिझेलला १५, आणि कंपनीच्या नावावर सरसकट २०. पंचवीस-सव्वीस लाखांच्या पेट्रोल गाडीत हा फरक पावणेदोन लाखांच्या घरात जातो. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आहे आणि तुमच्या वापरासाठी घेतलेल्या प्रवासी गाडीवर त्याचे क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही, हे तुझ्या सीएला माहीत असेलच. कंपनीला वर्षाला १५ टक्के घसारा दाखवता येतो. दोन्ही बाजू त्याला एका कागदावर मांडायला सांग आणि ज्या बाजूची बेरीज तुझ्या सोयीची येईल ती धर. ‘सगळे कंपनीवरच घेतात’ हे उत्तर स्वीकारू नकोस.

टेस्ट ड्राइव्हला एकट्याने जाऊ नकोस, ही शेवटची सूचना. तिसरी रांग उभी असताना हायक्रॉसच्या डिकीत ३०० लिटरच जागा उरते. म्हणजे दिवाळीच्या बॅगा कुठे राहणार ते तिथेच कळले पाहिजे. घरून दोन मोठ्या बॅगा ने, बाबांना, मुलांना, सूनबाईंना सगळ्यांना ने. विक्रेता घड्याळ बघू लागला तर बघू दे, तू त्याला लाखो रुपये देणार आहेस.

येत्या रविवारी मी मोकळा आहे. दहा वाजता तुमच्या दारात येतो. गाडी मी चालवीन, तू मागे बसशील, आणि कात्रजच्या जुन्या घाटातून खाली उतरून परत येऊ. वहिनींना मात्र सांग की ड्रेस घालून येऊ नका, लग्नाला नेसता तशी काठपदराची साडी नेसून या. त्या साडीत पायरी किती उंच आहे ते मला बघायचे आहे.

तुझा,
काका