सोलापुरात राहतो, मुलगा पुढच्या महिन्यात अठराचा होतोय. शिकायला पहिली गाडी कोणती घ्यावी?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय, "शिकताना ठोकणारच आहे, म्हणून लाख-दीड लाखाची जुनी गाडी बघतोय. फारच ताणलं तर चार लाख." हे वाक्य मी आमच्या घरात ऐकलेलं आहे, अगदी याच शब्दांत. मी शाळेत गणित शिकवते, गाड्यांवर कधी लिहिलेलं नाही. पण हे वाचून गप्प बसवेना.

लाख-दीड लाखाची गाडी घेऊ नका. चार लाख होत असतील तर चार लाखांची घ्या, होत नसतील तर दोन वर्षं थांबा. का, ते सांगते.

आमचे थोरले दीर, सगळं घर त्यांना अण्णा म्हणतं, तीस वर्षं ट्रान्सपोर्टच्या धंद्यात आहेत. घरात गाडीचा विषय निघाला की शेवटचा शब्द त्यांचा. लेक अठराची झाली, कॉलेज केगावला, घर जुळे सोलापुरात. रोजची ये-जा म्हणजे गावाचं एक टोक ते दुसरं टोक. गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा मी एवढंच म्हणाले होते, घ्यायची तर एअरबॅगवाली घेऊ. अण्णा म्हणाले, "सात रस्ता चौकातून जाताना काटा चाळीसच्या वर जातो का? एअरबॅग घेऊन काय करणार? शिकणाऱ्याची गाडी ठोकायचीच असते, नवी कशाला ठोकायची?" आमच्या ह्यांनी मान डोलावली. अण्णांच्या ओळखीतून २०११ ची हॅचबॅक आली, एक लाख तीस हजारांना. सीट कव्हर नवं, टेप नवा, पॉलिश असं की तोंड दिसावं. विमा फक्त थर्ड पार्टी, कारण जुन्या गाडीला फुल इन्शुरन्स म्हणजे पैसे पाण्यात, हेही अण्णांचंच.

डिसेंबरातला रविवार होता. माझं माहेर तिऱ्ह्याच्या पुढे, मंगळवेढा रोडला. परत येताना लेक चालवत होती. लर्निंग लायसन्स होतं, पुढे-मागे एल लावलेला, शेजारी मी, माझं लायसन्स बारा वर्षांचं. दोघींचे बेल्ट लावलेले. सहा वाजून गेलेले, दिवस नुकताच मावळलेला, काटा पन्नास-पंचावन्नला. समोरून एक ट्रक आला, त्याच्या दिव्यांनी दोघींचे डोळे दिपले. तो बाजूने निघून गेला आणि पुढ्यात एकदम उसाची ट्रॉली. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडलेल्या, मागे एकही लाल दिवा नाही, आणि रिफ्लेक्टर असलाच तर लोंबणाऱ्या उसाखाली झाकलेला. गाळप हंगामात आपल्याकडे कुठल्याही रस्त्याला हे चित्र तुम्ही बघता, मी वेगळं काय सांगू.

लेकीनं तिथे चूक केली नाही. तिनं ब्रेक दाबला आणि गाडी डावीकडे काढायला गेली. डावीकडे मुरमाची साइडपट्टी मोकळी होती. तिचे हात मला अजून दिसतात: उजवा हात पार वर गेलेला, डावा मांडीपाशी आलेला, स्टिअरिंग पूर्ण फिरलेलं. आणि गाडी सरळच चाललेली. चाकं जाम झाली होती, टायर किंचाळत होते, आणि बॉनेट ट्रॉलीच्या रोखानं तसंच पुढे सरकत होतं. किती वेळ? दोन सेकंद असतील. मग काच फुटली आणि ऊस आत आला. कच्च्या रसाचा गोड वास आणि जळक्या रबराचा वास, दोन्ही एकदम. एक टिपरू आमच्या दोघींच्या मधून जाऊन मागच्या सीटच्या पाठीत रुतलं होतं. मागे कोणी बसलेलं नव्हतं.

तिची हनुवटी स्टिअरिंगवर आपटली, सहा टाके. उजवं मनगट फ्रॅक्चर. मला छातीवर बेल्टचा काळानिळा पट्टा, महिनाभर पुरला. गाडी भंगारात गेली, आणि थर्ड पार्टी विमा आपल्या गाडीचा एक रुपया देत नाही, तेव्हा एक लाख तीस हजारांचं काय झालं ते तुम्हीच धरा.

अण्णा अर्ध्या तासात दवाखान्यात हजर झाले. डॉक्टर, पैसे, पोलीस, सगळं त्यांनी बघितलं. आणि तिथेच कॉरिडॉरमध्ये म्हणाले, "घाबरून पोरीनं ब्रेक जाम दाबला. पंप करायचा असतो." दार उघडं होतं, टाके घालून घेत असलेल्या पोरीनं ते ऐकलं. पुढे चार महिने तिनं स्टिअरिंगला हात लावला नाही. दिवाळी, लग्न, बारसं, जिथे विषय निघेल तिथे अण्णांचं तेच, पोरगी घाबरली, पंप केला नाही.

आता हे पंप करणं म्हणजे काय ते ऐका, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. जुन्या गाडीत ब्रेक जोरात दाबला की चाकं फिरायची थांबतात आणि रस्त्यावरून घसरत जातात. घसरणारं चाक गाडी वळवू शकत नाही, स्टिअरिंग कितीही फिरवा. म्हणून जुने ड्रायव्हर ब्रेक दाब-सोड, दाब-सोड करायचे, मधल्या क्षणी चाक फिरलं की गाडी वळायची. तीस वर्षं ट्रक चालवलेल्या माणसाच्या पायाला हे आपोआप येतं. दोन महिने गाडी शिकलेल्या, अठरा वर्षांच्या लेकराच्या पायाला ते दोन सेकंदांत यावं असं म्हणणारा माणूस शिकवण्याबद्दल काही जाणत नाही. मी पंचवीस वर्षं पोरांना शिकवते आहे, घाबरलेलं पोर काय करतं ते मला चांगलं माहीत आहे. ते आहे तो पाय पूर्ण ताकदीनं दाबतं. एबीएस असलेली गाडी ही दाब-सोड स्वतःच करते, सेकंदाला कितीतरी वेळा. पाय दाबून धरलेला आणि गाडी तरी वळते. त्या दिवशी एबीएस असतं तर पट्टीवर उतरायची संधी तिला होती. हे मी अण्णांना तोंडावर सांगितलं आहे आणि आजही सांगेन.

तेव्हा गाडी बघताना पहिलं काय बघायचं, तर ती बनली कधी. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून प्रत्येक नव्या कारला एबीएस सक्तीचं झालं, जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग, आणि २०२२ च्या सुरुवातीपासून शेजारच्या सीटचीही. शेजारी तुम्ही बसणार आहात, म्हणून शक्यतो २०२२ नंतरची घ्या. ऑक्टोबर २०१९ पासून धडकेच्या सरकारी चाचणीतून गेल्याशिवाय कार विकताच येत नाही, तेही लक्षात ठेवा. रजिस्ट्रेशनच्या वर्षावर जाऊ नका, आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं ते बघा.

कोणती, असं विचारलंत. तुमच्या पैशात मी जुनी टियागो बघेन, २०२० नंतरची, जमलं तर २०२२ नंतरची. ग्लोबल एनकॅप ही संस्था गाड्या मुद्दाम धडकवून बघते आणि सुरक्षेसाठी पाचपैकी तारे देते; तिच्या २०२० च्या चाचणीत टियागोला मोठ्या माणसांसाठी चार तारे मिळाले होते. थोडं जास्त निघत असतील तर अल्ट्रोझ, तिला पाच. त्याच संस्थेनं २०२२ मध्ये स्विफ्टला आणि २०२३ मध्ये वॅगन आरला एकेक तारा दिला होता. या दोन्ही गाड्या गावात घरोघरी आहेत, मायलेज चांगलं, विकायला सोप्या, हे मला मान्य आहे. तरी लेकराला देणार नाही.

शोरूममध्ये नवीन काय ते विचारू नका, जुनीच्या चाव्या हातात घ्या. चावी फिरवली की एअरबॅगचा दिवा लागला पाहिजे आणि काही सेकंदांत विझला पाहिजे. लागलाच नाही तर कोणीतरी तो काढून टाकलाय, म्हणजे एअरबॅग एकदा उघडून गेलेली असू शकते. गाडी तिथेच सोडा. बेल्ट पूर्ण ओढून बघा, झटका दिल्यावर अडकतो का ते बघा. टायरवर चार आकडे असतात, २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही चांगली दिसो, आपल्या मे महिन्यातल्या उन्हात सहा-सात वर्षं भाजलेलं रबर मी लेकराखाली ठेवणार नाही. टायरचे पैसे गाडीच्या भावातून कापून घ्या. पुढे लोखंडी गार्ड बसवलेला असेल तर काढून टाका, त्यानं एअरबॅग वेळेवर उघडायची खात्री राहत नाही, आणि सरकारनं २०१७ मध्येच त्यावर बंदी घातली आहे. विमा फुल घ्या. अण्णांचं ऐकू नका.

आणखी एक, हे कोणी शिकवत नाही. एबीएस असलेल्या गाडीत ब्रेक जोरात दाबला की पायाखाली पेडल थरथरतं, घरघर आवाज येतो. नवखा माणूस घाबरून पाय उचलतो, मग एबीएस असून नसल्यासारखं. मी लेकीला दुसऱ्या गाडीवर हेच पहिलं शिकवलं, सकाळी सहाला रिकाम्या रस्त्यावर, मागे कोणी नाही बघून, चाळीसवरून पूर्ण ब्रेक. पहिल्या वेळी तिनं पाय उचलला. पाचव्या वेळी दाबून धरला आणि गाडी वळवूनही दाखवली.

तुम्ही लिहिलंय की मुलगा आत्ताच कॉलनीत फिरवतो. ते आजपासून बंद करा. अठराच्या आत पकडला गेला तर कायद्यानं दोष पालकाचा आणि गाडीमालकाचा धरतात: २५,००० रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीचं रजिस्ट्रेशन बारा महिन्यांसाठी रद्द, आणि मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. महिनाभराचा प्रश्न आहे. लर्निंग मिळाल्यावरही पक्क्या लायसन्ससाठी किमान तीस दिवस थांबावं लागतंच, ते दिवस ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत घालवा, तिथे शिक्षकाच्या पायाखालीही ब्रेक असतो.

हेही सांगायला हवं की तारे त्या मॉडेलला आणि त्या काळच्या गाडीला मिळालेले असतात, नाव तेच म्हणून आधीच्या वर्षीच्या गाडीला लागू धरू नका. ती धडक ताशी चौसष्ट किलोमीटरला घेतात. नव्वदनं उसाच्या ट्रॉलीखाली गेलात तर पाच तारेही पुरणार नाहीत. बेल्ट नसेल तर एअरबॅगच जखम करते. आणि हंगामात अंधार पडल्यावर गावाबाहेर पहिलं वर्षभर लेकराला चालवायला देऊ नका. त्या दिवशी मी दिली होती. तेवढी चूक माझी.

अण्णा मनानं वाईट नाहीत. दवाखान्यात दोन रात्री बाकावर ते झोपले, हे मी विसरलेले नाही. ट्रकमधलं त्यांना जे कळतं ते मला सात जन्मात कळणार नाही. पण पोरगी घाबरली म्हणून धडकली, हे त्यांनी अजून मागे घेतलेलं नाही. लेक आता रोज केगावला स्वतः गाडी घेऊन जाते, महामार्गानं, आणि परवा तिऱ्ह्याला जाताना मी मागच्या सीटवर बसले होते, बेल्ट लावून.

एखादी गाडी नजरेत भरली तर मॉडेल आणि उत्पादनाचा महिना-वर्ष इथे लिहा. बघून सांगेन.